जावेच्या मोरीतला लाल

जामनगरच्या खत्रीवाडात कोणाकडे काय रंगतंय हे कळायला कोणाच्या घरात डोकावावं लागत नसे. दारासमोरची उघडी गटार बघितली की झालं. पिवळं पाणी आलं म्हणजे कुणीतरी बांधणीला पहिला रंग दिला. त्यामागून लाल आलं तर घरचोळं, नवरीची साडी, म्हणजे कुठल्यातरी वाणियाच्या मुलीचं लग्न ठरलं. लालमागून काळं आलं की कुणी म्हणायचं, "चला, आहिरांच्या ओढण्या सुरू झाल्या." गल्लीत सगळेच येताजाता ही गटार बघत. पण हुरबाई ती जशी वाचायची तशी कुणीच वाचली नाही.

याला कारण गल्लीचा उतार. हुरबाईची जाऊ जेनाबाई वरच्या अंगाला राहायची आणि हुरबाई खालच्या. खरं तर घर एकच, सासऱ्याच्या नावावरचं, मधे भिंत घालून दोन भावांना दोन केलेलं. त्यामुळे जेनाबाईकडे जो रंग निघे तो धुतल्यावर आधी हुरबाईच्या उंबऱ्यासमोरून जाई, आणि मग जगात कुठे जायचा तिथे जाई. हुरबाई जावेला पाण्यात पाहायची, आणि तेही रोज, चहाची रकाबी हातात घेऊन, अगदी डोळे भरून.

"बघा बघा, आज परत लाल," ती समोरच्या मरियमफईला म्हणायची. मरियमफई म्हणजे गल्लीतली सगळ्यांची आत्या, गुडघे गेल्यामुळे दिवसभर ओट्यावरच असायची.

"लालच आहे बाई. रक्त थोडंच आहे?"

"तुम्हाला काय कळणार, फई. असला लाल आमच्या हंड्यातून कधी निघाला नाही."

तशी हुरबाई वाईट नव्हती हो. गल्लीत कुणाकडे मयत झाली की पहिले रोटले तिच्या चुलीवरून जायचे. कुणाचं पोर तापानं फणफणलं तर ही रात्र रात्र उशाशी बसायची. हसायची तर अशी की वरच्या गल्लीला ऐकू जावं. फक्त जावेचं नाव निघालं की तिचा चेहरा दूध नासल्यासारखा व्हायचा, आणि तो लपवावा हेही तिला कधी सुचलं नाही.

हे दुखणं लग्नापासूनचं. मांडवीहून ती थोरली सून म्हणून आली तेव्हा सासूनं तिला नख वाढवायला सांगून बांधणीला बसवलं. कापडाचा कण चिमटीत धरायचा, दोऱ्याचे वेढे द्यायचे, पुढचा धरायचा. हुरबाईचा हात भराभर चालायचा. मग धाकटी आली जेनाबाई. बारीक, मान खाली, बोलणं नाहीच. सासूनं एकदा दोघींची कापडं शेजारी ठेवून त्यांवरून बोट फिरवलं आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ही राई बांधते आणि तू वाटाणे बांधतेस गं." सगळ्या हसल्या. हुरबाईही हसली. पण तो वाटाणा तिच्या घशात जो अडकला तो सासू गेली तरी खाली उतरला नाही.

पुढे भाऊ वेगळे झाले. बायकांनी बांधायचं आणि पुरुषांनी रंगवायचं, ही खत्र्यांची रीत. हुरबाईचा नवरा कासम थोरला, त्याचा हंडा खाली. जेनाबाईचा नवरा हारुन, त्याचा वर. दोघांनाही घरचोळ्यांचं काम वाडीलालशेठ द्यायचा, निम्मं निम्मं. मग तेजाबाची वाफ खाऊन खाऊन हारुनची छाती गेली. दोन पावलं चालला की बसायचा. बाजेवर पडला तो पडलाच.

आता जेनाबाईचं काय होणार म्हणून गल्ली हळहळली. हुरबाई सगळ्यात जास्त हळहळली. रोज खिचडीचं पातेलं घेऊन वर जायची, जावेच्या पाठीवरून हात फिरवायची, "मी आहे ना गं" म्हणायची. खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते. दया करायला मिळणं म्हणजे काय असतं ते तिला पहिल्यांदाच कळलं.

ते सुख फार टिकलं नाही. एका संध्याकाळी वरून पाणी आलं ते लाल. नुसतं लाल नाही. दाट, खोल, बघत राहावं असं. हुरबाईच्या हातातली रकाबी कलंडली. जेनाबाईनं म्हणे स्वतः हंड्याला हात घातला होता. बाईमाणूस आणि रंग काढते! आणि काढते तर असा! वाडीलालशेठनं ते घरचोळं उन्हात धरलं आणि त्या लग्नसराईपासून सगळं घरचोळ्यांचं काम वरच्या घरी दिलं. हुरबाईच्या घरी उरल्या रोजच्या ओढण्या आणि हातरुमाल. ते काम परत आपल्या दारात यावं, एवढी एकच गोष्ट हुरबाईनं तेव्हापासून अल्लाकडे मागितली. म्हणजे मागायची दोन, पण दुसरी मोठ्यानं म्हणायची लाज वाटायची.

आणि कासमच्या मागे तिनं जो धोशा लावला! कासम अबोल माणूस. हंड्यात कापडाचा पुडका बुडवून तो सावकाश फिरवत बसायचा. यात सगळा खेळ वेळेचा असतो. लवकर काढलं तर लाल विटेसारखा येतो. उशीर झाला तर रंग दोऱ्याखाली शिरतो आणि पिवळे ठिपके बुडतात. कासम फिरवतोय, आणि हुरबाई कमरेवर हात ठेवून डोक्यावर उभी.

"झालं का?"

"नाही."

"ठिपके बुडतील हं."

"नाही बुडत."

"काल वरचं पाणी एवढ्या वेळात गेलं होतं दारावरून. तिचं धुऊनसुद्धा झालं होतं! काढा म्हणते ना!"

कासम काढायचा. विटकर. मग हुरबाई कपाळ बडवून घ्यायची. "एक बाई काढते आणि तुम्हाला येत नाही. मिशा कशाला ठेवल्यात?"

कासम मिशांवरून हात फिरवायचा आणि पुढचा पुडका उचलायचा. असरची, दुपार कलल्यावरची, नमाज झाली की तो वर भावाजवळ जाऊन बसायचा आणि मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या, आत परतायचा. याला हुरबाईची ना नव्हती. उलट परत आला की उलटतपासणी.

"काय करत होती?"

"कोण?"

"कोण म्हणजे? ती. लालात काय घालते, विचारलंत?"

"मी तिच्याशी बोलतो का कधी?"

हे मात्र खरं होतं. जेठासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, ही त्या गल्लीची लाज. जेनाबाई तर त्यातही कडक. कासमची चाहूल लागली की ओढणी हनुवटीपर्यंत आणि शब्द बंद. पाणी द्यायचं तर पेला उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. हुरबाईचे केस पिकले, पण जळणं तसंच हिरवं राहिलं. मग सुधराईनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, खत्रीवाडात खणायला सुरुवात केली. उघडी गटार बुजली आणि जमिनीखालून नळ गेले. ज्या दिवशी शेवटची फरशी बसली त्या दिवशी गल्लीनं गाठिये वाटले. डास गेले, वास गेला. हुरबाई एकटी ओट्यावर सुतकी चेहऱ्यानं बसली होती.

"तुला काय झालं गं?" मरियमफईनं विचारलं.

"काय व्हायचंय? आता कुणाच्या घरात काय चाललंय ते कळायचं कसं माणसानं?"

मागोमाग भोंगा लावलेली रिक्षा आली. नव्या गटारात रंग सोडायचा नाही. तेजाब सोडायचं नाही. उकळतं पाणी, तेल, चुना, चिंध्या, काही सोडायचं नाही. सोडेल त्याला दंड आणि रंगाच्या खोलीला सील. खाली नदीकाठी पाणी साफ करायचा कारखाना झालाय, तो यानं बंद पडतो.

"रंग सोडायचा नाही तर खत्र्यानं सोडायचं काय?" कुणीतरी ओरडलं.

"बिड्या सोडा," भोंगेवाला म्हणाला आणि रिक्षा पुढे गेली.

प्रत्येक घराला सिमेंटची कुंडी बांधावी लागली. रंगाचं पाणी बादल्यांनी त्या कुंडीत ओतायचं आणि सुधराईचा टँकर आला की त्याला द्यायचं. कंबरमोड काम. मोरीच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा घट्ट बसवायचा, म्हणजे चुकून काही आत जायला नको. सगळी गल्ली कुरकुरत का होईना, करायला लागली.

हुरबाईला आता गटारीऐवजी कुंडी मिळाली. जावेच्या कुंडीचं झाकण उचलून ती रोज बघायची. आणि लग्नसराई ऐन भरात आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की वर घरचोळ्यांवर घरचोळी रंगतायत आणि कुंडी अर्धीच. मग बाकीचं पाणी जातं कुठे?

दोन्ही घरांचं सांडपाणी जिथे एक होई तिथे गल्लीत एक चेंबर होतं, लोखंडी झाकणाचं. कासम असरनंतर वर गेला तसा तिनं सांडशीनं ते झाकण उचललं आणि गुडघ्यांवर बसून आत पाहिलं. वरच्या नळातून लाल धार पडत होती.

पकडली! पहिल्यांदा तिला अंगभर गुदगुल्या झाल्या. इतके दिवस मान खाली घालून गरीब गाय झालेली जाऊ सुधराईची चोर निघाली. पण ती उठली नाही. बघतच राहिली. काळ्या भिंतीवरून, घाणीवरून ती धार उतरत होती आणि गटारातसुद्धा तो लाल तिच्या घरच्या लालापेक्षा चांगला दिसत होता. झाकण तिनं दाणकन आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओझासाहेबांसमोर उभी. ओझासाहेब गटारीचे इन्स्पेक्टर, सदा सर्दी झालेले.

"कोणाची तक्रार आहे?"

"तक्रार नाही हो साहेब. मी आपलं सांगते. असरनंतर या आणि आमच्या दारचं चेंबर उघडून बघा, वरच्या घरातून काय येतंय ते."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी? मी मोठी जाऊ."

ओझासाहेबांनी नाक पुसलं. "मग बरोबर," ते म्हणाले.

साहेब आले, बरोबर एक शिपाई. चेंबर उघडलं. लाल. हुरबाई त्यांच्या मागून जावेच्या घरात शिरली ती पदरानं तोंडावरचं हसू पुसतच. आत हारुन बाजेवर धापा टाकत होता. त्याच्या पायथ्याशी जेनाबाई लसूण सोलत बसली होती. हंड्याजवळ नाही, बाजेजवळ. सगळ्यांना बघून ती उभी राहिली आणि लसणाची सुपली तिच्या हातून पडली.

ओझासाहेबांनी रंगाच्या खोलीचं दार ढकललं. मोरीचा बोळा बाजूला पडला होता आणि आधी काढलेल्या घरचोळ्याचं लाल पाणी खळखळत आत जात होतं. हंड्यासमोर बाह्या कोपरापर्यंत चढवून, पाटावर बसून, पुडका सावकाश फिरवत होता कासम.

"तुम्ही?" हुरबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

कासमनं मान वर केली. बायको, साहेब, शिपाई, सगळ्यांकडे बघितलं. त्याचा हात थांबला नाही. "जरा थांब," तो म्हणाला. "आत्ता काढलं तर विटकर होईल."

ओझासाहेबांनाही काय वाटलं कोण जाणे, ते थांबले. खोलीत फक्त पाण्याचा आवाज. मग कासमनं पुडका वर उचलला, पिळला, आणि हुरबाईच्या डोळ्यांसमोर तो लाल उलगडला. तोच, ज्यासाठी तिनं इतकी वर्षं जीव जाळला होता. तिच्या नवऱ्याच्या हातात होता.

"आता लिहा काय लिहायचं ते," कासम म्हणाला. "कुंडीपर्यंत बादल्या नेत बसलो तर मगरिबच्या आत घरी पोचत नाही. उशीर झाला की घरात विचारतात."

दंड कासमच्या नावावर झाला. जेनाबाईच्या रंगाच्या खोलीला लाखेचं सील लागलं. तिथून घरी येईपर्यंत हुरबाई एक शब्द बोलली नाही, आणि दार लावल्यावर थांबली नाही.

"इतकी वर्षं! माझ्या नाकाखाली! गल्ली तिला वाखाणते, मी तिच्या नावानं बोटं मोडते, आणि रंग काढणार माझा नवरा!"

"हारुन बाजेवर पडला. शेठ काम काढून घेणार होता. त्यांची चूल बंद पडली असती."

"मग मला सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू गल्ली डोक्यावर घेतली असतीस."

"घेतलीच असती!" ती ओरडली. मग तिचा आवाज एकदम फाटला. "बरं, भाऊ म्हणून केलंत. केलंत तर केलंत. पण मला एक सांगा. तिच्या हंड्यात तो लाल आणि माझ्या हंड्यात वीट? हात तेच ना? रंगाची पुडी तीच ना? मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

कासमनं मिशांवरून हात फिरवला. त्याला तिला दुखवायचं नव्हतं, हे तिलाही दिसत होतं, आणि म्हणूनच ती जास्त भ्यायली.

"तिथे कुणी बोलत नाही," तो म्हणाला.

त्या रात्री हुरबाई जेवली नाही. तिला जावेचा हेवा वाटायची सवय होती. तिच्या दाण्यांचा, तिच्या लालाचा, तिच्या शेठचा. पण हा नवाच होता. एका बाईनं नुसतं गप्प बसून, ओढणी ओढून, बाजूच्या खोलीत लसूण सोलून आपल्या नवऱ्याला असं काही दिलं होतं जे आपण उभ्या आयुष्यात एकदाही दिलं नाही. यावर भांडायचं तरी कुणाशी?

सकाळी जेनाबाई खाली आली. डोक्यावर ओल्या कापडाचा गठ्ठा होता. पिवळा रंग दिलेली, बांधून तयार, लाल व्हायची राहिलेली घरचोळी. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भाभी, लग्न दोन दिवसांवर आलंय त्या मुलीचं."

"मग मी काय करू?"

"माझी खोली बंद झाली."

"कोणी केली माहीत आहे ना?"

"माहीत आहे," जेनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तुमचा हंडा द्या. कुंडीपर्यंत बादल्या मी नेते. एक थेंब मोरीत जाणार नाही."

नाही म्हणायला हुरबाईला काय वेळ लागणार? पण ओट्यावरून मरियमफई बघत होती, आणि लग्नाच्या मुलीचं कापड दारातून परत पाठवलं असं गल्लीत झालं असतं. ती बाजूला सरली.

कासमनं हंडा मांडला. पुडका बुडवला आणि फिरवायला लागला. जेनाबाई ओढणी ओढून अंगणातल्या कुंडीपाशी बादली घेऊन बसली. हुरबाई नेहमीच्या जागी, कमरेवर हात. जरा वेळानं तिचे ओठ हलले. कासमचा हात दचकून थांबला. तिनं ते बघितलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की ती बोलायच्या आधीच तो हात थांबतो.

ती वळली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. ओढणीचा पदर तोंडात कोंबला. मागे पाणी सावकाश ढवळल्याचा आवाज येत होता. ठिपके बुडतील, काढा. हे शब्द तिच्या दाताशी येत होते आणि ती कापड चावत होती. एकदा तर ती अर्धी उठलीसुद्धा. मग परत बसली. रडू तिला कधी सहज यायचं नाही, पण आता आलं, आणि तेही तिनं आवाज न करता गिळलं. बाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसत होती आणि ते बाळंतपणापेक्षा अवघड जात होतं.

घरचोळी निघाली. लाल. तिच्या हंड्यातून, तिच्या अंगणात, तिच्या दोरीवर.

तिसऱ्या प्रहरी वाडीलालशेठ आला. वर रंगाच्या खोलीला सील बघून तो खाली उतरला होता. त्यानं दोरीवरचं घरचोळं हातात घेतलं, एक कोपरा दोन्ही हातांनी ताणला. पटपट दोरे तुटले आणि लालात पिवळे दाणे उघडले, एकही न बुडालेला. शेठ म्हातारा झाला होता, डोळ्यांशी नेऊन बघत होता. ज्या दिवसाची हुरबाईनं इतकी वर्षं वाट बघितली तो हा दिवस होता. वाडीलालशेठ तिच्या दारात होता आणि तिच्या हंड्यातला लाल त्याच्या हातात होता.

"वा," शेठ म्हणाला. "हा हात लपत नाही. हा जेनाबाईचाच लाल."

अंगणात जेनाबाई मान खाली घालून उभी होती. कासम कुंडीवर हात धूत होता. तो तसाच पाठमोरा थांबला.

हुरबाईनं तोंड उघडलं. माझ्या नवऱ्याचा आहे, म्हणायला गेली. पण मग शेठ विचारणार, कासमभाईचा? मग तुमच्याकडचा माल विटकर कसा? आणि त्याचं उत्तर तिला माहीत होतं.

"हो शेठ," ती म्हणाली. "तिचाच आहे."